ई-मेल विपणन सॉफ्टवेअरची निवड : लघुउद्योजकाच्या दृष्टीने एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

व्यापारासाठी ई-मेलचा वापर ही कल्पना इंटरनेटच्या सार्वत्रिक प्रसाराआधीची आहे. १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतील गॅरी थ्युर्क यांनी अर्पानेटवरील सुमारे चारशे जणांना संगणकाच्या जाहिरातीचा एकच संदेश एकाच वेळी पाठविला. त्यावर तक्रारींचा वर्षाव झाला. परंतु थ्युर्क यांच्या सांगण्यानुसार त्यातून विक्रीही झाली. ई-मेल विपणनाचे हे दुहेरी स्वरूप तेव्हापासून आजपर्यंत कायम आहे. पुढे १९९९ मध्ये सेथ गोडिन यांनी ‘परमिशन मार्केटिंग’ या ग्रंथात ग्राहकाची पूर्वसंमती हाच विपणनाचा पाया असावा, असा विचार मांडला. आजचे प्रतिष्ठित ई-मेल विपणन निदान तत्त्वतः तरी याच विचारावर उभे आहे.

संमती मिळालेल्या ग्राहकांना नियमित पत्रे पाठविण्यासाठी साधे वैयक्तिक खाते पुरे पडत नाही. जीमेलसारख्या मोफत खात्यावरून दिवसाला सुमारे पाचशे जणांनाच पत्र पाठविता येते, आणि नाव काढून घेण्याची सोय, संमतीची नोंद वा परत आलेल्या पत्रांचा हिशेब त्यात ठेवता येत नाही. त्यामुळे लघुउद्योजकाला आज ना उद्या स्वतंत्र सॉफ्टवेअरची निवड करावी लागते. ही निवड किरकोळ खरेदी समजून केली जाते. प्रत्यक्षात मात्र तिचे परिणाम अनेक वर्षे टिकतात. कारण या सॉफ्टवेअरमध्ये उद्योजक आपली ग्राहकयादी साठवितो, आणि लहान व्यवसायाच्या दृष्टीने ही यादी म्हणजे त्याची पतच असते.

उद्योजकाला सल्ला देणारे लेखन विपुल आहे. त्या लेखनात जे तपासले जाते आणि उद्योजकाला पुढे ज्याचा फटका बसतो, त्या दोन गोष्टी भिन्न आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) सॉफ्टवेअर निवडीच्या प्रचलित तुलनात्मक पद्धतीची चिकित्सा करणे.
२) एका सुपरिचित सॉफ्टवेअरच्या वाटचालीच्या आधारे निवडीचे अधिक टिकाऊ निकष शोधणे.
३) भारतीय लघुउद्योजकाच्या संदर्भात या निकषांचा विचार करणे.

अभ्यासपद्धती व मर्यादा

प्रस्तुत अभ्यास वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून तो सार्वजनिकरीत्या ज्ञात असलेल्या माहितीवर आधारलेला आहे. मुख्य उदाहरण म्हणून ‘मेलचिंप’ या अमेरिकन सॉफ्टवेअरची निवड केली आहे. त्याचा इतिहास वीस वर्षांहून अधिक काळाचा असल्याने धोरणबदलांचा परिणाम त्यात स्पष्टपणे पाहता येतो. लघुउद्योजक ही संज्ञा येथे मर्यादित अर्थाने वापरली आहे. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र शासनाच्या व्याख्येनुसार दहा कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग सूक्ष्म, तर शंभर कोटींपर्यंतचा लघु ठरतो. या लेखात मात्र ज्याच्याकडे स्वतंत्र संगणक विभाग नाही आणि पत्राचा मजकूर लिहिण्यापासून बिल भरण्यापर्यंतची कामे मालक अथवा एखादा कर्मचारीच करतो, असा व्यावसायिक अभिप्रेत आहे.

१. तुलनात्मक तक्त्याची चिकित्सा

निवडीविषयीच्या लेखनाचा ठरलेला साचा म्हणजे तक्ता. उभ्या स्तंभात आठ-दहा सॉफ्टवेअरची नावे आणि आडव्या ओळीत तयार नमुने, स्वयंचलित पत्रमालिका, अहवाल, मोफत योजनेची मर्यादा व मासिक दर. अखेरीस एखाद्या नावाला ‘सर्वोत्तम’ ठरविले जाते. या साच्यात तीन दोष आढळतात.

पहिला दोष हितसंबंधांचा आहे. या क्षेत्रातील अनेक कंपन्या ग्राहक मिळवून देणाऱ्यास कमिशन देतात. तुलना करणाराच कमिशनचा लाभार्थी असेल, तर ज्या सॉफ्टवेअरवर कमिशन नाही ते तक्त्यात खाली जाण्याची वा वगळले जाण्याची शक्यता उघड आहे. असे सर्व लेखन अप्रामाणिक आहे, असा याचा अर्थ नव्हे. मात्र वाचकाने ते दुकानदाराच्या शिफारशीइतक्याच सावधपणे वाचावे, हे योग्य ठरेल.

दुसरा दोष काळाचा आहे. तक्ता एका दिवसाची स्थिती दाखवितो. उद्योजकाचा व्यवहार मात्र अनेक वर्षांचा असतो. ज्या सोयी व दर पाहून निवड केली जाते तेच बदलण्याचा अधिकार विक्रेत्याकडे राहतो, आणि या अधिकाराची नोंद घेणारा रकाना तक्त्यात नसतो.

तिसरा दोष अधिक मूलभूत आहे. वैशिष्ट्यांच्या बाबतीत ही सॉफ्टवेअरे आता एकमेकांच्या फार जवळ आली आहेत. नमुने, नोंदणीपत्रके व साध्या पत्रमालिका बहुतेकांत उपलब्ध आहेत. जेथे फरक उरलेला नाही तेथेच तक्ता बारकाईने तुलना करतो. आणि शुल्क कशाच्या मोजणीवर आकारले जाते व बाहेर पडताना काय सोबत नेता येते, हे जे दोन भेद खरोखर शिल्लक आहेत, त्यांची बोळवण तो तळटिपेत करतो.

२. मेलचिंपची वाटचाल

मेलचिंपची सुरुवात २००१ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे बेन चेस्टनट व डॅन कुर्झियस यांनी केली. संकेतस्थळे तयार करण्याच्या त्यांच्या व्यवसायाला जोड म्हणून हे सॉफ्टवेअर निर्माण झाले. बाहेरील गुंतवणूकदारांचे भांडवल न घेता वाढलेली कंपनी म्हणून तिचा नेहमी गौरव झाला. २००९ मध्ये कंपनीने मोफत योजना आणली आणि एका वर्षात वापरकर्त्यांची संख्या सुमारे ८५,००० वरून ४,५०,००० वर गेली. पुढे अनेक वर्षे दोन हजार संपर्क आणि महिन्याला बारा हजार पत्रे इतकी मोफत मर्यादा होती. जगभरातील असंख्य छोट्या दुकानांनी, संस्थांनी व कलावंतांनी आपली पहिली ग्राहकयादी येथेच उभारली. या योजनेने लहान व्यवसायांना जे साधन विनामूल्य दिले त्याचे मोल नाकारता येणार नाही.

त्यानंतरच्या घडामोडी मात्र एकत्र ठेवून पाहिल्या पाहिजेत. कंपनीची ‘मँड्रिल’ ही सेवा पावत्या व खात्याविषयीचे संदेश पाठविण्यासाठी होती. २०१६ मध्ये तिचे स्वतंत्र अस्तित्व संपवून ती सशुल्क मेलचिंप खात्याला जोडण्यात आली, आणि मोफत वापरणाऱ्यांना काही आठवड्यांत पर्याय शोधावा लागला. मार्च २०१९ मध्ये ग्राहकमाहितीच्या देवाणघेवाणीवरून मेलचिंप व शॉपिफाय या दोन कंपन्यांत वाद होऊन त्यांची जोडणी तुटली. आपली बाजू योग्य असल्याचे दोन्ही कंपन्यांनी सांगितले. परंतु शॉपिफायवर दुकान चालवून मेलचिंपवरून पत्रे पाठविणाऱ्या व्यावसायिकाचा या वादाशी काहीही संबंध नसताना त्याची कामाची साखळी विस्कळीत झाली. ही जोडणी २०२१ मध्ये पूर्ववत झाली.

मे २०१९ मध्ये कंपनीने योजनांची फेररचना केली. नव्या योजनांत, ज्यांनी यादीतून आपले नाव काढून घेतले आहे असे संपर्कही शुल्कासाठी मोजले जाऊ लागले. सप्टेंबर २०२१ मध्ये इन्ट्युइट या कंपनीने सुमारे १२ अब्ज डॉलरना मेलचिंप विकत घेण्याचा करार जाहीर केला आणि त्याच वर्षी तो पूर्ण झाला. पुढे मोफत योजना आक्रसत गेली. २०२३ मध्ये ती पाचशे संपर्क व महिन्याला एक हजार पत्रे इथवर आली. मेलचिंपच्याच मालकीची ‘टायनीलेटर’ ही साधी वार्तापत्र सेवा फेब्रुवारी २०२४ अखेर बंद झाली.

यांपैकी कोणताही निर्णय बेकायदेशीर नव्हता. प्रत्येक निर्णयामागे व्यावसायिक कारण होते आणि सूचना देऊनच ते अमलात आले. म्हणून येथे कंपनीला दोष देण्यापेक्षा या व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे महत्त्वाचे आहे. २०१० मध्ये मेलचिंपची निवड करणाऱ्याने त्या वेळच्या कोणत्याही तक्त्यानुसार योग्यच निवड केली होती. दहा-बारा वर्षांत दर, मोजणी, जोडणी आणि मालकी या चारही गोष्टी बदलल्या. त्याच्याजवळ स्थिर अशी एकच गोष्ट राहिली, ती म्हणजे ग्राहकयादी. आणि तीही त्याने सोबत नेता येईल अशी ठेवली असेल तरच.

३. मोजणीचे एकक

या सॉफ्टवेअरच्या शुल्काच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. एका पद्धतीत यादीतील संपर्कांच्या संख्येवर, तर दुसरीत पाठविलेल्या पत्रांच्या संख्येवर आकारणी होते. मेलचिंप मुख्यतः पहिल्या पद्धतीचे उदाहरण होय. पॅरिसमध्ये सुरू झालेले आणि २०२३ पर्यंत ‘सेंडइनब्लू’ या नावाने ओळखले जाणारे ‘ब्रेव्हो’ हे प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीसाठी परिचित आहे. हा फरक वरवर तांत्रिक वाटतो. त्याचा परिणाम मात्र व्यवसायाच्या स्वरूपानुसार पूर्णतः उलट होतो.

दोन कल्पित व्यावसायिक घेऊ. एक कोकणातील आंबा बागायतदार. तो थेट ग्राहकांना पेट्या पाठवितो. त्याच्या यादीत ४,००० ग्राहक आहेत आणि हंगामात तो तीनच पत्रे पाठवितो. त्याची वर्षाची पत्रे १२,००० होतात. दुसरा एक पुस्तकविक्रेता. त्याच्या यादीत ४०० वाचक आहेत आणि तो दर आठवड्याला नव्या पुस्तकांची माहिती देतो. त्याची वर्षाची पत्रे २०,८०० होतात. संपर्कांवर आकारणी झाल्यास बागायतदाराला दहापट मोठ्या यादीचे शुल्क बाराही महिने भरावे लागेल. पैकी आठ-नऊ महिने तो एकही पत्र पाठविणार नाही. पत्रांवर आकारणी झाल्यास पुस्तकविक्रेत्याचा खर्च बागायतदारापेक्षा अधिक होईल. एकाच तक्त्यातील एकच ‘सर्वोत्तम’ सॉफ्टवेअर दोघांना योग्य ठरणे संभवत नाही.

संपर्क या शब्दाची व्याख्याही तपासावी लागते. समजा, एखाद्या यादीत १,८०० सक्रिय ग्राहक आहेत आणि ७०० जणांनी नाव काढून घेतले आहे. नाव काढलेले मोजले न गेल्यास यादी १,८०० ची, मोजले गेल्यास २,५०० ची होते. ज्यांना पत्र पाठविण्याचा अधिकारच उरलेला नाही, त्यांच्यासाठी शुल्क भरावे लागते. मेलचिंपमध्ये अशी नावे वेगळ्या संग्रहात हलविल्यास ती मोजणीतून वगळली जातात. पण ही सोय माहीत असणे आणि ती वेळोवेळी वापरणे ही जबाबदारी ग्राहकावर येते. ज्याच्याकडे या कामासाठी वेगळा माणूस नाही, त्याच्याकडून ती सहज राहून जाते.

४. यादीची मालकी व स्थलांतर

बहुतेक सॉफ्टवेअरमधून संपर्कांची यादी सीएसव्ही फाइलच्या रूपात उतरवून घेता येते. त्यामुळे स्थलांतर सोपे आहे, असा समज होतो. फाइलमध्ये नाव, पत्ता, नोंदणीची तारीख व काही वर्गीकरण येते. विक्रेत्याच्या संपादकात तयार केलेले नमुने, स्वयंचलित पत्रमालिका आणि संकेतस्थळावर बसविलेली नोंदणीपत्रके मात्र पुन्हा करावी लागतात. त्या-त्या सॉफ्टवेअरच्या खास सोयींचा वापर जितका अधिक, तितके बाहेर पडणे महाग. तक्त्यात ज्या वैशिष्ट्यांना अधिक गुण मिळतात, तीच वैशिष्ट्ये पुढे उद्योजकाला जखडून ठेवतात, ही विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे.

स्थलांतरातील सर्वांत गंभीर चूक वेगळीच असते. नाव काढून घेतलेल्यांची यादी अनेकदा सक्रिय यादीपासून स्वतंत्रपणे उतरवावी लागते. ती मागे राहिली आणि नव्या ठिकाणी एखादी जुनी एकत्रित यादी चढविली गेली, तर ज्यांनी स्पष्ट नकार दिला होता त्यांनाच पुन्हा पत्रे जातात. यात कायद्याचा भंग तर होतोच, शिवाय ग्राहकाने दाखविलेला विश्वासही गमावला जातो. म्हणून संमती केव्हा व कोणत्या मार्गाने मिळाली आणि ती केव्हा मागे घेतली गेली, याची नोंद सॉफ्टवेअरबाहेर स्वतःकडे ठेवणे आवश्यक ठरते.

५. पोहोच व अहवाल

पत्र ग्राहकाच्या मुख्य टपालपेटीत पोहोचणे हे सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेचे लक्षण मानले जाते. हे अंशतः खरे आहे. लहान ग्राहकांची पत्रे सामायिक सर्व्हरवरून जात असल्याने इतरांच्या गैरवर्तनाचा फटका त्यांना बसू शकतो, आणि चांगला विक्रेता अशा गैरवर्तनावर नियंत्रण ठेवतो. परंतु पोहोच ठरविणारे महत्त्वाचे घटक प्रेषकाच्याच हाती असतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी घाऊक प्रेषकांसाठी एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या ओळख पटविण्याच्या पद्धती आणि एका टिचकीत नाव काढण्याची सोय अनिवार्य केली. जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजार वा अधिक पत्रे पाठविणारा प्रेषक गूगलच्या दृष्टीने घाऊक ठरतो. तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यापर्यंत जाऊ नये, अशीही अट आहे. म्हणजे हजार पत्रांमागे तीन तक्रारीही अधिक ठरतात. लहान व्यावसायिक पाच हजारांच्या मर्यादेत येत नसला तरी ओळख पटविण्याची किमान अट त्यालाही लागू आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, मोफत ई-मेल पत्त्यावरून घाऊक पत्रे पाठविण्याचे दिवस संपले असून स्वतःचे डोमेन नाव ही आता मूलभूत गरज आहे. डोमेनची पत बऱ्याच अंशी डोमेनसोबत राहते. त्यामुळे सॉफ्टवेअर बदलले तरी ती पूर्णतः वाया जात नाही.

अहवालांच्या बाबतीतही सावधगिरी हवी. पत्र उघडल्याची मोजणी त्यातील एका अदृश्य चित्रावर अवलंबून असते. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तिच्यात ग्राहकाने पत्र उघडो वा न उघडो, चित्रे ॲपलच्या सर्व्हरमार्फत आधीच उतरविली जातात. परिणामी उघडण्याचे प्रमाण फुगलेले दिसते. अशा आकड्यांचे देखणे आलेख कोणते सॉफ्टवेअर दाखविते, हा निवडीचा निकष होऊ शकत नाही. पत्रातील दुव्यावरून आलेली मागणी, प्रत्यक्ष उत्तरे आणि नाव काढून घेण्याचे प्रमाण ही मोजमापे अधिक विश्वसनीय होत.

६. भारतीय संदर्भ

परदेशी सॉफ्टवेअरचा दर डॉलरमध्ये पाहून अंदाज बांधणे भारतीय उद्योजकाला पुरेसे नाही. विनिमय दराखेरीज वस्तू व सेवा करही विचारात घ्यावा लागतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला अशा आयात सेवेवर उलट आकारणी पद्धतीने १८ टक्के कर स्वतः भरावा लागतो. त्याची वजावट मिळू शकत असली तरी नोंदी ठेवण्याचे काम वाढते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आवर्ती देयकांविषयीचे नियम अमलात आले, तेव्हा परदेशी सेवांची कार्डावरून आपोआप होणारी अनेक देणी अडली. बिल अडले की खाते थांबते आणि ऐन हंगामात पत्रे जात नाहीत. झोहो कॅम्पेन्ससारख्या भारतीय पर्यायाचा विचार करताना रुपयातील बिल व कराची सरळ पावती या बाबी वैशिष्ट्यांइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात.

कायद्याच्या अंगाने पाहता दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे २०१८ चे नियम दूरध्वनी व लघुसंदेशांपुरते आहेत. ई-मेल त्यात येत नाही. मात्र २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाने चित्र बदलले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख कर्तव्यांच्या अंमलबजावणीसाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असे हा अधिनियम सांगतो. माहितीवर प्रक्रिया करण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे सोपविले तरी मूळ जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. ‘सॉफ्टवेअरने केले’ हा बचाव त्यामुळे टिकणार नाही.

७. एक प्रतिवाद

विक्रेत्यांवरील अवलंबित्वच नको असेल तर मुक्त स्रोत सॉफ्टवेअर का वापरू नये, असा प्रश्न उपस्थित होतो. झेरोधाचे तंत्रज्ञान प्रमुख कैलाश नाध यांनी विकसित केलेले ‘लिस्टमंक’ हे २०१९ पासून उपलब्ध असलेले या प्रकारातील उल्लेखनीय भारतीय योगदान होय. यादी संपूर्णपणे स्वतःच्या ताब्यात राहते आणि संपर्कांच्या संख्येवर शुल्क नसते. परंतु सर्व्हर चालविणे, सुरक्षेची अद्ययावतता राखणे आणि पत्रे पाठविण्यासाठी स्वतंत्र सेवा जोडणे ही कामे उरतातच. ज्याच्याकडे हे जाणणारा विश्वासू माणूस आहे त्याला हा मार्ग उत्तम आहे. नसल्यास विक्रेत्यावरील अवलंबित्वाच्या जागी एखाद्या तंत्रज्ञावरील अवलंबित्व येते. म्हणून सशुल्क सेवा घेण्यात गैर काही नाही. ती परतीची वाट मोकळी ठेवून घ्यावी, इतकेच येथे सुचवावयाचे आहे.

निष्कर्ष

१) वैशिष्ट्ये व चालू दर यांवर आधारलेली तुलना अल्पजीवी ठरते. मेलचिंपच्या वाटचालीत दर, मोजणी, जोडणी व मालकी या सर्वच बाबी बदलल्याचे दिसते.
२) शुल्काचे एकक व्यवसायाच्या लयीशी जुळणे हा खर्चाचा निर्णायक घटक आहे. वर्षातून थोड्याच वेळा पण मोठ्या यादीला लिहिणाऱ्याने पत्रांवरील, तर छोट्या यादीला वारंवार लिहिणाऱ्याने संपर्कांवरील आकारणीचा विचार प्रथम करावा.
३) संमतीची नोंद, नाव काढून घेतलेल्यांची यादी व स्वतःचे डोमेन नाव या तीन गोष्टी उद्योजकाच्या ताब्यात असतील तर सॉफ्टवेअरची चुकलेली निवडही सुधारता येते. त्या नसतील तर योग्य निवडही कालांतराने अडचणीची ठरते.

सूचना

उद्योजकाने पैसे भरण्यापूर्वी चाचणी खात्यात पन्नास-शंभर नावे चढवून, काहींची नावे काढून, संपूर्ण माहिती परत उतरवून पाहावी. एका दुपारच्या या प्रयोगातून जे कळते ते कोणत्याही तक्त्यातून कळत नाही. महिन्यातून एकदा दोन्ही याद्या उतरवून स्वतःच्या संगणकात जतन कराव्यात.

वाणिज्य शाखेच्या अध्यापकांसाठीही येथे एक सूचना करावीशी वाटते. ई-विपणनाच्या तासाला विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरची नावे व फायदे लिहून दिले जातात. त्याऐवजी एखाद्या सॉफ्टवेअरचे शुल्काचे नियम वर्गात वाचून, वरीलप्रमाणे दोन भिन्न व्यवसायांचा वर्षाचा खर्च विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेक जण उद्या घरचे दुकान, बाग वा कारखाना सांभाळणार आहेत. सेवेच्या अटी वाचण्याची सवय त्यांना वर्गात लागली, तर ग्राहकयादी दुसऱ्याच्या हाती देताना ते अधिक सावध राहतील.